येळवसची हजेरी

आधीच सांगून ठेवतो, मला राग लवकर येतो. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिकवलं. लोखंड घासायची कानस कशी धरायची हे सांगता सांगता घसा बसला, आणि पोरं अजून कानस अशी धरतात की वाटतं भाकरीवर तूप लावायला निघालीत. रिटायर झालो तेव्हा म्हणलं, सुटलो एकदाचा. पण घरी बसून माणूस भिंतीकडं किती दिवस बघणार? दोन महिन्यांत बायको म्हणाली, "दिवसभर माझ्यावर वसवस करण्यापेक्षा कुठं तरी जावा बाबा." म्हणून गेलो.

नळदुर्गच्या अलीकडं हायवेला लागून ठिबकच्या नळ्या बनवायचा एक कारखाना आहे. तिथं शिकाऊ पोरांना शिस्त शिकवायचं काम मिळालं. कागदावर त्याला 'कार्यसंस्कृती' म्हणतात. आठवड्यातून तीन तास. वेळेवर या, मोबाईल खिशात ठेवा, मशीन चालू असताना जागा सोडू नका, न विचारता घरी जाऊ नका. एवढंच. हे सांगायला माणूस कशाला लागतो, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. नंतर कळलं की माणूस कशाला लागतो ते.

बारा पोरं, सहा महिने. पहिल्या पंधरवड्यात मशीनवर हात बसतो, आणि पुढं साडेपाच महिने ही पोरं कायम कामगाराचं काम तंतोतंत करतात. पैसे मात्र विद्यावेतनाचे. किमान वेतनाचं विचारलं की उत्तर तयार: शिकणारा तो कामगार न्हाय, मग त्याला किमान वेतन कसलं? सहा महिने झाले की बारातला एक कायम, अकरा घरी, आणि नवीन बारा दारात उभे. ही माझी तिसरी खेप. पहिल्या खेपेला मी ऑफिसात जाऊन भांडलो. दुसऱ्या खेपेला नुसतं बोललो. तिसऱ्या खेपेला चहा पिला आणि वर्गात गेलो.

आणि वर बाजारात माणसं भेटतात ती मलाच ऐकवतात. "सर, आताच्या पोरांना कामच नको. नुसता मोबाईल पायजे." अरे बाबा, काम दे की आधी! मग बघू त्याला पायजे का नको. पण हे बोलायचाबी आता कंटाळा येतो. मी मान हलवतो आणि पिशवी उचलतो.

तर ह्या तिसऱ्या खेपेत वर्षाराणी होती. बारात ती एकटी पोरगी. आयटीआयला माझ्याच हाताखालची, कानस नीट धरणाऱ्या मोजक्यांपैकी. नंतर तीन वर्षं पोलीस भरतीसाठी पळाली. एका वर्षी दोन मार्कांनी गेली, एका वर्षी एका मार्कानं, तिसऱ्या वर्षी भरतीच निघाली न्हाय. बाप बिराप्पा मेंढरंवाला. दरवर्षी दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरं घेऊन निघतो तो पाऊसकाळ तोंडावर आल्यावर माघारी येतो. पण आता त्याचा गुडघा गेलेला. बसला तर उठताना काठी लागते, आणि अशा गुडघ्यानं सात महिने चालायचं.

वर्षाराणीनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. "सर, मी कायम झाले तर आमचे अप्पा मेंढरं विकणार आहेत. तसं ठरलंय घरात. ह्या वर्षी दिवाळी झाली तरी निघणार न्हाईत. डिसेंबरपर्यंत वाट बघणार."

"आणि न्हाय झालीस तर?"

"मग निघायचंच की. आणि त्यांच्या गुडघ्याकडं बघता मलाबी संग जावं लागंल."

कायम व्हायची अट सोपी होती. सहा महिन्यांत एकही खाडा नको, आणि शेवटच्या परीक्षेत पहिला नंबर पायजे. नोव्हेंबर संपला तेव्हा खाडा नसलेली दोनच पोरं उरली होती: वर्षाराणी आणि योगीराज. योगीराज पोरगं बरं आहे, पण मशीनपुढं त्याचं अर्धं लक्ष बाहेर. परीक्षेत तिच्यापुढं तो टिकणार न्हाय, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाबी. एकदा तोच मला म्हणाला, "सर, तिचं फिक्स आहे. मी आपला हजेरीला येतो." मी त्याला शिव्या घातल्या, पण मनातनं मला बरं वाटलं. लई वर्षांनी वाटलं की आपण शिकवलेलं कुणाच्या तरी पोटाला लागणार.

मग आली येळवस.

आमच्याकडच्या माणसाला येळवस सांगावी लागत न्हाय, पण बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत न्हाय. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गावात माणूस राहत न्हाय. सगळे शेतात. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, जेवढं पोटात मावंल तेवढं. ज्याला शेत न्हाय तो दुसऱ्याच्या शेतात. रस्त्यानं जाणाऱ्याला हाताला धरून पंगतीला बसवतात. दुकानं बंद, रिक्षा बंद. नाशिककडनं आलेल्या मॅनेजरला हे काय माहीत?

मॅनेजर सोमेश. वय तीस-बत्तीस, माणूस वाईट न्हाय. आदल्या वर्षी येळवसला एकही ऑपरेटर आला न्हाय, मशीन गार पडलं, आत प्लास्टिक धरलं, आणि पुण्याच्या हेड ऑफिसनं त्याची चंपी केली. म्हणून ह्या वर्षी आठ दिवस आधीच त्यानं मला बोलावलं. "सर, त्या दिवशी कारखाना चालू राहणार. ट्रेनींना स्पष्ट सांगा. तुमचं ऐकतात ती."

मी वर्गात गेलो आणि टेबलावर हात आपटला. रागाचं म्हणाल तर त्यात माझा हात कुणी धरणार न्हाय. "कामाला अमावस्या नसते!" म्हणलं. "येळवसला ड्युटी आहे. नऊ ते पाच. भज्जी काय पळून जात न्हाय. ज्याला नोकरी पायजे तो त्या दिवशी गेटवर दिसंल, आणि पाच वाजल्याशिवाय हलणार न्हाय." पोरं खाली माना घालून गालात हसत होती. मला ते दिसत होतं. आणि खरं सांगू का, मलाबी आतनं हसूच येत होतं. येळवसला कामावर येणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय. मला सांगायला सांगितलं, मी सांगितलं. असं आपण किती गोष्टी सांगतो! वर्षाराणी मात्र वहीत लिहून घेत होती.

येळवसच्या दिवशी सकाळी आठला मला आण्णासाहेबांचा फोन. कारखाना ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन आण्णासाहेबांची. वॉचमन त्यांचा, पाण्याचा टँकर त्यांचा. "सर, जीप पाठवतो, शेतात या. तुमचे साहेबबी इकडंच येत्यात. ऑपरेटर एक आला न्हाय, मशीन बंद करून टाकलं त्यांनी. वॉचमन केव्हाच कोपीत येऊन बसलाय. पोरांनाबी बोलावलंय, योगीराजला निरोप दिलाय सगळ्यांना सांगायचा."

माझं शेत तेरला, भावाच्या ताब्यात. तिथं जायचं म्हणजे दोन बस बदलायच्या, आणि त्या दिवशी बस मिळणार न्हाय. म्हणलं, चला, जीप येतेय तर. मन हलकंच झालं. ड्युटीची कटकट मिटली, सगळ्यांना निरोप गेला, संपलं.

साडेनऊला आण्णासाहेबांच्या शेतात पोचलो. ज्वारी कमरेपर्यंत आलेली. पोरं कोपीभोवती पळत होती, सोमेश साहेब आंबील म्हणजे काय हे वॉचमनकडनं समजून घेत होते. मी बांधावर टेकलो आणि फोन बघितला. ट्रेनी पोरांच्या आणि माझ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आलेला होता. कारखान्याचं गेट, त्याला कुलूप. खाली वर्षाराणीचा मेसेज: "सर, मी आले आहे. गेट बंद आहे. थांबू का?"

मी योगीराजला हाक मारली. "अरे, तिला निरोप दिला न्हाईस?"

"दिला की सर, कालच दिला. ती म्हणाली सरांनी ड्युटी सांगितलीय, मी जेवायला येणार न्हाय. मला वाटलं चेष्टा करतीय."

तिच्या वस्तीवरनं कारखाना सहा किलोमीटर. रिक्षा न्हाय म्हणजे चालत आली असणार. मी लिहायला घेतलं, 'घरी जा'. मग खोडलं. लिहिलं, 'आज सुट्टी झाली'. तेही खोडलं. कारण ती विचारणार, कुणी दिली सुट्टी? तुम्ही कुठं आहात, सर? आणि मी काय लिहू, की मी भज्जी खायला बसलोय, तूबी ये? टेबलावर हात आपटलेला मीच. लाज वाटली मला, दुसरं काय! म्हणलं, कुलूप बघून जाईल घरी, एवढी काय खुळी न्हाय. तेवढ्यात कुणी तरी हातात आंबिलीचा गडू दिला. मी फोन खिशात घातला.

दुपारी पंगत बसली. तुळजाबाई, आण्णासाहेबांच्या मालकीण, आग्रह करकरून वाढत होत्या. जेवणं झाल्यावर सोमेश साहेब माझ्याशेजारी येऊन बसले. चेहरा पडलेला.

"सर, एक अडचण आहे. हेड ऑफिसला मी कारखाना चालू दाखवलाय. मागच्या वर्षीसारखं परत बंद म्हणालो तर माझं काही खरं नाही. अंगठ्याचं मशीन बंद पडलं असं लिहितो आणि आजची हजेरी हातानं पाठवतो. ट्रेनी तर सगळे इथंच आहेत. तुम्ही तेवढी यादी करून द्या."

त्यांनी कागद दिला. मी चष्मा लावला आणि समोर बघून एकेक नाव लिहायला लागलो. अकरा नावं झाली. बारावं नाव पेनाच्या टोकाशी आलं होतं, देवाशपथ आलं होतं.

आता हे कुणाला पटंल का न्हाय ठाऊक न्हाय. तीस वर्षं मी मस्टर भरलं, पण समोर नसलेल्या पोराला कधी हजर लिहिलं न्हाय. पुढाऱ्याचा पोरगा असो, प्राचार्यांचा भाचा असो. लोक मला खडूस म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. तोच हात होता तो. समोर अकरा पोरं होती, तोंडाला भज्जी लागलेली, कामावर नसलेली, आणि मी त्यांना हजर लिहिलं. ती समोर नव्हती, म्हणून तिला लिहिलं न्हाय. सही केली, कागद दिला. मला त्यात काही वावगंसुद्धा वाटलं न्हाय, हे जास्त वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. रोजच्यासारखीच, वेळेच्या आधी. मी विचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय. परीक्षेत पहिली आली. आठवड्यानं पुण्याहून यादी लागली: कायम, योगीराज. वर्षाराणीच्या नावापुढं लिहिलं होतं, गैरहजर दिवस एक. योगीराज तर कुणाच्या तोंडाकडं बघंना.

तिनं मला फक्त एवढंच विचारलं, "सर, एकोणीस तारखेला, येळवसला, कुणी कुणी हजर होतं?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो. ती बॅग घेऊन गेली.

मग माझं डोकं फिरलं. सरळ सोमेश साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो, दारसुद्धा वाजवलं न्हाय. "साहेब, ही पोरगी त्या दिवशी गेटवर होती! एकटी ती कामावर आली होती, बाकी सगळे जेवायला! आणि तिलाच गैरहजर?"

"मला माहीत नव्हतं, सर," ते म्हणाले. खोटं बोलत नव्हते. तो ग्रुप पोरांचा आणि माझा, ते त्यात नव्हते. मी फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा करून बघितला.

"सर, ह्या फोटोत कुलूप दिसतंय. हा पुण्याला पाठवला तर पहिला प्रश्न येणार, चालू कारखान्याला कुलूप कसं? तुम्ही लिहून द्या, मी पाठवतो. खरंच पाठवतो. पण मग सगळं लिहावं लागेल. अकरा जण शेतात होते, मीही होतो, तुम्हीही होता. यादी तुमच्या अक्षरात आहे, सही तुमची आहे. मग योगीराजही गेला. हजेरीच खोटी निघाली म्हटल्यावर पुण्याचे सगळी यादी रद्द करणार, कायमची जागा ह्या खेपेला कुणालाच नाही, तिलाही नाही. मी जाणार हे तर नक्की." त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "माझी बायको आठव्या महिन्यात आहे, सर. तरी लिहा. मी अडवणार नाही."

अडवलं असतं तर बरं झालं असतं. भांडलो असतो, आरडाओरडा केला असता, रागाच्या भरात लिहूनही टाकलं असतं. अडवलं न्हाय, तिथं माझी सगळी हवा गेली. पेन हातात घेऊन बसलो. योगीराजची आई आठवली, लोकांची धुणी धुणारी. सोमेश साहेबांची बायको डोळ्यांपुढं आली, जिला मी कधी बघितलंबी न्हाय. आणि सगळ्यात आधी मी आठवलो, हे कबूल करतो. गावात काय म्हणतील, एवढा खडूस मास्तर आणि खोटी हजेरी भरली! पंधरा मिनिटं बसलो असेन. मग पेन खिशाला लावला आणि उठलो. सोमेश साहेबांनी कोरा कागद परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

चार दिवस घरी जेवण गोड लागलं न्हाय. बायको म्हणाली, "जाऊन या तरी त्या पोरीकडं. माझ्यावर तोंड पाडून काय उपयोग?"

सकाळी सकाळी एकाच्या मोटारसायकलवर बसून वस्तीवर गेलो. बघतो तर बिऱ्हाड निघालेलं. घोड्यावर भांडी, वाकळा, खुराडं लादलेलं, मेंढरं वाघरीच्या जाळीतनं बाहेर काढलेली. बिराप्पा काठीवर भार देऊन उभा. गुडघ्याला फडकं गच्च बांधलेलं. मला बघून त्यानं पटका सारखा केला.

"आवं सर! या की, या. नागूबाई, सरास्नी च्या कर. चूल इजली आसंल तर परत पेटीव."

"नको नको, निघालात तुम्ही."

"निघायचं तर हाईच. तुमी कवा येताव?"

त्याच्या बायकोनं चहा आणला. मी पोत्यावर टेकलो. वर्षाराणी लांब, मेंढरांच्या पलीकडं, दोन कोकरं पिशवीत घालत होती. कारखान्याच्या निळ्या शर्टावरच तिनं घोंगडं घेतलं होतं. बिराप्पा माझ्याजवळ उकिडवा बसायला गेला, बसता आलं न्हाय, परत उभा राहिला.

"न्हाय झालं काम, जाऊंद्या," तो म्हणाला. "नशिबाची गोष्ट हाय ती. पर सर, तुमचं उपकार हायती बगा. पोरीला लई चांगलं वळण लावलं तुमी. त्या येळवसला दीस उगवायला गेली, आन दीस बुडताना आली. दिवसभर हुबी गेटाम्होरं. पाणी प्यायलाबी हलली न्हाय. म्या म्हणलं, आगं कोण बघायलंय? तर म्हणली, सरांनी सांगितलंय. आसं वळण कोण लावतंय आजकाल? मेंढरामागंबी आसंच माणूस लागतंय, जागा न सोडणारं."

मी कपबशी खाली ठेवली. मनात आलं, ह्या माणसानं मला दोन शिव्या हासडाव्यात, काठी उगारावी. पण तो माझ्याकडं असा बघत होता की जसा मी त्याच्या पोरीला कायम करून आलोय.

"बिराप्पा," मी म्हणलं, "ऐका माझं. त्या दिवशी मी कामावर नव्हतो. आण्णासाहेबांच्या शेतात जेवत होतो. सगळे तिथं होते. त्यांची हजेरी मी लिहिली, माझ्या हातानं. तुमच्या पोरीचं नाव लिहिलं न्हाय. तिची नोकरी गेली ती माझ्यामुळं गेली."

बिराप्पाला लगेच कळलं न्हाय. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं. मग कळलं, कारण त्याचा काठीवरचा हात सरकला. नागूबाईनं माझ्यापुढची कपबशी उचलली, अर्धी भरलेली होती तरी.

वर्षाराणी जवळ आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मला ठाऊक आहे, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दमणूक होती, चोवीस वर्षांच्या पोरीला शोभत न्हाय अशी. "योगीराजनं पंगतीचा फोटो टाकला होता स्टेटसला. तुम्ही पुढंच बसला होता."

"त्याच दिवशी बघितलास?"

"व्हय. गेटवर उभी होते तेव्हाच. एक वाजला असंल."

"मग? मग गं बाई पाचपर्यंत का थांबलीस?"

तिनं कोकरांची पिशवी खांद्याला नीट केली. पुढची मेंढरं रस्त्याला लागली होती.

"मला वाटलं, जेवून झाल्यावर तुम्ही याल."